एवढंच व्हय?

माझा मामेभाऊ कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईत आला होता आणि नेमकी त्याच संध्याकाळी अंधेरीत मुंबई सिटी या फुटबॉल क्लबची मॅच होती, म्हणून त्याला सोबत घेतलं. आझाद नगरला मेट्रोतून उतरलो, वीरा देसाई रोडवरच्या गाड्यांमधून वाट काढत गेटपाशी आलो, झडती झाली, जिना चढून वर आलो. समोर प्रकाशझोतात न्हालेलं हिरवंगार मैदान. मी मैदानाकडे न बघता त्याच्याकडे बघत होतो, कारण पहिल्यांदा येणाऱ्या माणसाचा त्या क्षणीचा चेहरा बघायला मला फार आवडतं. त्याने डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवली आणि म्हणाला, "दादा, एवढंच व्हय? आमच्यात पेठेच्या मॅचला ह्याच्या दुप्पट माणूस असतंय."

मॅच त्याला आवडली. दुसऱ्या हाफमध्ये तर तो माझ्यापेक्षा जास्त ओरडला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेलाही. पण त्याचं ते वाक्य माझ्याकडे राहिलं. कुणी मुद्दाम हिणवलं की माणूस उलट उत्तर देऊन मोकळा होतो. हा हिणवत नव्हता, दिसलं ते बोलत होता.

आणि ते खरं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे गेलो की तो मला शाहू स्टेडियमवर न्यायचा. दुपारी चारची मॅच, दगडी पायऱ्या तापलेल्या, खाली 'पुढारी'ची घडी घालून बसायचं. पाटाकडील विरुद्ध दिलबहार, अशी दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच असली की सकाळपासूनच पेठेत काही सुचायचं नाही. घरातल्या बायका भाकऱ्या थापता थापता विचारायच्या, कोण खेळणार आहे आज, गुडघा बरा झाला का त्याचा. तालमीचा संघ म्हणजे घरचाच संघ. राइट बॅक हा गल्लीतल्या पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, गोली हा मामाच्या मित्राचा पुतण्या. मॅच हरली तर तो रात्री बोळातून मान खाली घालून जायचा आणि जिंकली तर त्याला कुणी चहाचे पैसे देऊ देत नसे. तिथे भांडणंही होतात, हुल्लडबाजीमुळे स्पर्धा थांबवाव्या लागल्या आहेत, ते काही गोड नाही. पण गर्दी जमवावी लागत नाही. गर्दी आधीपासून असते, आणि तिला बसायला म्हणून स्टेडियम असतं.

मुंबईत उलटं आहे का? पूर्वी नव्हतं. बाबा फोर्टात एका बँकेत होते आणि रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा सुरू झाली की ऑफिस सुटल्यावर ओव्हल ओलांडून कूपरेजच्या मैदानावर जायचे. मला न्यायला सुरुवात केली तेव्हा त्या स्पर्धेचे भरभराटीचे दिवस ओसरत आले होते, तरी कलकत्त्याची टीम आली की गेटवर रेटारेटी असायचीच. १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा ती. हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं ती जिंकली, हे बाबांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की जणू मीच ते सामने पाहिलेत. मुंबईच्या टीम म्हणजे मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, एअर इंडिया, आरसीएफ, महिंद्र. म्हणजे गिरण्या, कारखाने, ऑफिसं. खात्यातला माणूस मैदानावर खेळतोय म्हणून अख्खं खातं बघायला यायचं. ती या शहराची तालीम होती. गिरण्या गेल्या. २००६ साली राष्ट्रीय लीग जिंकलेल्या महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. रोव्हर्स कप २००० नंतर बंदच पडला. कूपरेज आजही आहे, नवं कृत्रिम गवत घालून नीटनेटकं केलेलं, पण फोर्टातला कारकून संध्याकाळी तिकडे वळत नाही.

हे सगळं मनात असताना अंधेरीचं स्टेडियम मोठं करावं की नाही, हा प्रश्न मला सोपा वाटत नाही.

दर मोसमात तो एकदा तरी निघतो. सात-आठ हजारांची जागा, भारतातल्या सर्वोच्च लीगमधल्या बहुतेक मैदानांपेक्षा लहान. एवढं मोठं शहर, चारदा मोठा चषक जिंकलेला क्लब, आणि बसायला जागा एवढीच. माझे काही मित्र म्हणतात, तीस हजारांचं करा, लोक आपोआप येतील. मी त्यांच्याशी वाद घालतो आणि घरी आल्यावर वाटतं की त्यांच्यातही काही तथ्य आहे.

वाद घालतो त्याचं कारण त्या मैदानावरच मिळतं. अंधेरीत तुम्ही खेळाच्या इतके जवळ असता की खेळ कानांनी कळतो. बचावपटूच्या पाठीवर कुणी धावून येत असला की गोलकीपर 'मॅन ऑन' असं ओरडतो ते ऐकू येतं. टॅकल झाल्यावर नडगीवरचा गार्ड कडकन वाजतो. थ्रो-इन घेणारा खेळाडू बॉल जर्सीला पुसतो तेव्हा त्याची बोटं थरथरताना दिसतात, ऐंशीव्या मिनिटाला तर नक्कीच. सामन्याआधी गवतावर पाणी मारतात आणि मग पहिली दहा-पंधरा मिनिटं ओल्या गवताचा वास पार वरच्या रांगेपर्यंत येत राहतो. कडेच्या इमारतींच्या खिडक्यांत लोक उभे असतात, कुणाच्या हातात चहाचा कप, कुणाच्या कडेवर मूल. वेस्ट कोस्ट ब्रिगेड या क्लबच्या चाहत्यांच्या गटातली पोरं ढोल घेऊन एका कोपऱ्यात नव्वद मिनिटं उभी असतात आणि त्यांचा आवाज अख्ख्या मैदानाला पुरतो.

तोच क्लब मी नव्या मुंबईत पाहिलेला आहे. २०१४ आणि २०१५ साली घरचे सामने डी. वाय. पाटीलला व्हायचे. आनेल्का, युंगबर्ग अशी नावं, पोस्टरं, सिनेनट मालक. स्टेडियम देखणं आहे, पण क्रिकेटचं. मैदानाची गोलाई आणि फुटबॉलची चौकट यांच्या मधे एवढी मोकळी जागा उरते की कॉर्नर घेणारा माणूस दुसऱ्या गावात उभा असल्यासारखा दिसतो. हजारो माणसं आलेली असायची तरी खुर्च्यांचे पट्टेच्या पट्टे रिकामे आणि घोषणा वर छपरात जाऊन विरायच्या. २०१६ ला क्लब अंधेरीत आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता याला घर मिळालं.

मैदान लहान असलं तरी ते भरतंच असं नाही, हेही याच जागी पाहिलं. जून २०१८, भारत विरुद्ध चायनीज तैपेई. भारताने पाच गोल केले, त्यातले तीन सुनील छेत्रीचे, आणि अधिकृत हजेरी होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर येऊन द्या, असं हात जोडून सांगणारा. ते बघताना माझ्या घशाशी आलं होतं. देशाचा कर्णधार, शंभराव्या सामन्याच्या उंबरठ्यावर उभा असलेला माणूस, प्रेक्षक मागत होता. पुढच्या म्हणजे केनियाच्या सामन्याची तिकिटं संपली. त्या रात्री पाऊस कोसळत होता, बाजूचं काही दिसेना, मैदानात पाणी साठलं, बॉल पुढे सरकेना, आणि एकही माणूस उठला नाही. छेत्रीने दोन गोल केले. दोन सामन्यांमध्ये तीन दिवसांचं अंतर होतं आणि एकही खुर्ची वाढलेली नव्हती. वाढला तो कुणीतरी आपल्याला बोलावलं याचा भाव. मैदान मोठं करण्याच्या प्रत्येक चर्चेत मला हे तीन दिवस आठवतात.

आणखी एक गोष्ट. या क्लबचा सर्वांत मोठा मोसम, २०२०-२१, शिल्ड (साखळीत अव्वल येण्याचं) आणि कप (अंतिम सामन्याचा) दोन्ही जिंकण्याचा, प्रेक्षकांशिवाय गेला. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टँडसमोर. अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने मोहन बागानविरुद्ध विजयी गोल केला तेव्हा मी दिवाणखान्यात एकटा उभा होतो. २०२४ चा कप तर कोलकात्यात सॉल्ट लेकवर जिंकला, साठ हजारांहून अधिक माणसांसमोर, आणि ती जवळपास सगळी दुसऱ्या संघाची. माझ्या क्लबच्या आनंदाच्या रात्री कायम दुसऱ्याच्या घरी किंवा बंद दारांमागे झाल्या.

जागेची निकड जिथे खरोखर जाणवली ती वेळ मात्र वेगळी होती. २०२३ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने अंधेरीत झालेच नाहीत. क्लबने ते पुण्याला बालेवाडीत खेळले आणि अल हिलाल या नेमारच्या सौदी क्लबविरुद्धचा सामना डी. वाय. पाटीलला. नेमार येणार म्हणून अख्खी मुंबई तिकिटं शोधत होती. तो त्याआधीच ब्राझीलकडून खेळताना जायबंदी झाला, तरी त्या रात्री पामबीच रोडवर गाड्यांची रांग होती आणि स्टेडियम गच्च होतं. आपण ०-२ ने हरलो. मी आनंदातही होतो आणि कुठेतरी दुखतही होतं. आशियातली एक बलाढ्य टीम आपल्याशी खेळायला येते, आणि आपण त्यांना आपल्या मैदानावर बोलावू शकत नाही. पाहुण्याला शेजाऱ्याच्या घरात बसवण्यासारखं आहे ते. त्या रात्री कुणी मला कौल मागितला असता तर मी तीस हजारांच्या बाजूनेही हात वर केला असता.

पण एका रात्रीसाठी बांधलेलं स्टेडियम उरलेल्या सगळ्या रात्री सांभाळावं लागतं.

इंग्लंडमध्ये डार्लिंग्टन नावाचा चौथ्या श्रेणीतला क्लब होता. त्याच्या अध्यक्षाने २००३ साली पंचवीस हजार खुर्च्यांचं नवंकोरं स्टेडियम उभारलं, संगमरवर, सरकते जिने, सगळं. प्रेक्षक यायचे दोन-तीन हजार. काही महिन्यांतच क्लब दिवाळखोरीच्या कारभारात गेला, पुढेही जात राहिला, आणि २०१२ मध्ये ते स्टेडियम सोडून बाहेर पडला. त्या मैदानाचे फोटो मी पाहिलेत. एका बाजूला मूठभर माणसं आणि तीन बाजूंनी खुर्च्याच खुर्च्या.

बोर्नमथचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. रात्री साडेसातची मॅच टीव्हीवर बघताना मला त्या क्लबचं नेहमी अप्रूप वाटतं. २०१५ मध्ये ते पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये आले तेव्हा त्यांच्या मैदानात साडेअकरा हजारही माणसं मावत नव्हती, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं त्यांनी तेवढ्याच जागेत लिव्हरपूल, आर्सेनल अशा संघांना खेळवलं. कारण पैसा टीव्हीचा येतो. तिथल्या छोट्या क्लबला तिकिटांतून मिळणारी रक्कम टीव्हीच्या हिश्शापुढे चिमूटभर असते. शिवाय ते मैदान त्यांच्या मालकीचंच नव्हतं. अडचणीच्या काळात, २००५ मध्ये विकलं होतं आणि भाड्याने वापरत होते. भाड्याच्या घरात कोण भिंती पाडणार? २०२५ मध्ये त्यांनी ते परत विकत घेतलं आणि मग कुठे वीस हजारांच्या आसपास नेण्याची योजना पुढे आली. मला तो क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी वर्षानुवर्षं भरलेली मैफल, मग जमिनीचा कागद, मग विटा.

माझ्या सगळ्यांत जवळचा मात्र स्पेनचा एईबार. डोंगरांच्या बेचक्यातलं सत्तावीस हजार वस्तीचं कारखान्यांचं गाव, आणि २०१४ मध्ये त्यांचा संघ थेट बार्सिलोना-माद्रिदच्या रांगेत. मैदान पाच हजारांच्या आसपास, कडेला चाळीसारख्या इमारती, तिथे गॅलरीतून मॅच दिसते. कर्ज नव्हतं, तरी कायद्यानुसार भागभांडवल कमी म्हणून वर चढू देईनात. क्लबने छोटे छोटे शेअर काढले, एका माणसाने किती घ्यावेत यावर मर्यादा घातली आणि जगभरातून लोकांनी ते घेतले. पुढच्या वर्षांत एकेक स्टँड वाढवत ते आठ हजारांपर्यंत गेले. सात मोसम टिकले, २०२१ मध्ये खाली घसरले. पण घसरल्यावरही मैदान त्यांच्या अंगावर आलं नाही, कारण ते गावाच्या मापाचं होतं. अंधेरीच्या खिडक्यांत उभी असलेली माणसं पाहिली की मला हटकून एईबार आठवतं.

मोठं तेच चांगलं असं मुंबईचं क्रिकेटही सांगत नाही. २०११ च्या विश्वचषकासाठी वानखेडे नव्याने बांधलं तेव्हा त्याची क्षमता सुमारे ४५ हजारांवरून ३३ हजारांवर आली. जागा कमी केल्या म्हणून त्या मैदानाचा दरारा कमी झाला असं मला तरी कुणी भेटलेलं नाही. आणि वानखेडे मुळात उभं राहिलं तेच ब्रेबॉर्नवर पुरेशी तिकिटं मिळत नाहीत या भांडणातून. बाकाच्या भांडणातून दुसरं स्टेडियम बांधणारं हे शहर आहे. पण तिकडे तिकिटांसाठी भांडणारी माणसं होती, आणि फुटबॉलमध्ये आपल्याला आधी तीच हवी आहेत.

अंधेरीची अडचण तर आणखी वेगळी. ते शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल आहे, महापालिकेचं. तिथे पोहण्याचा तलाव आहे, सकाळी चालायला येणारे आजी-आजोबा आहेत, उन्हाळी शिबिरांची पोरं आहेत. फुटबॉल हा त्या जागेतला एक भाडेकरू. वीरा देसाई रोड संध्याकाळी साडेसातला मॅच नसतानाही तुंबलेला असतो. तीस हजार माणसं तिथे आणायची म्हणजे कुणाच्या दारातून, कुठल्या गेटने, हे कुणीतरी सांगावं. संकुलाभोवतीची माणसं आमच्यावर चिडत नाहीत, हेच मला मोठं वाटतं. मॅच संपल्यावर ढोल वाजत असतात आणि खालच्या मजल्यावर दहावीचं पोर अभ्यासाला बसलेलं असतं. त्यांना विचारल्याशिवाय एक खांबही उभा राहू नये.

शिवाय बांधणार कोणाच्या भरवशावर? २०२५ च्या जुलैमध्ये लीगच थांबली. लीग चालवणाऱ्या कंपनीचा फुटबॉल महासंघाशी असलेला व्यावसायिक करार संपत आलेला, पुढचं काही ठरत नव्हतं. खेळाडू, प्रशिक्षक, किट सांभाळणारी माणसं, सगळे महिनोन्महिने टांगणीला. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालक कंपनीने, क्लबमधला आपला हिस्सा सोडला. २०१९ मध्ये ते आले तेव्हा मी पेढे वाटले होते. त्या महिन्यांत ऑफिसातला एक सहकारी आपुलकीनेच म्हणाला, "अहो, तुमचा क्लब आहे ना अजून?" मी हो म्हटलं आणि जेवणाचा डबा पुढे उघडलाच नाही. ज्या लीगची तारीख महिनोन्महिने ठरू शकली नाही तिच्यासाठी चाळीस वर्षं टिकणारं काँक्रीट ओतायला सांगणं मला जमत नाही.

तरीही 'आहे तेवढंच राहू द्या' असं मी म्हणणार नाही. बारा हजार. एवढं अंधेरीला पेलेल असं माझं मत आहे, तेही एका दमात नाही, एकेक बाजू करत. आशियाच्या सामन्याला लागतात त्या खोल्या, दिवे, पत्रकारांच्या जागा, अपंग माणसाला विनासायास वर जाता येईल असा उतार, आणि बायकांसाठी स्वच्छ, पुरेशी स्वच्छतागृहं. ही शेवटची गोष्ट मी पहिली लिहायला हवी, कारण माझी बहीण दोनदा आली आणि तिसऱ्यांदा नको म्हणाली ती खेळामुळे नव्हे.

आणि खुर्च्या वाढवण्याच्या आधी एक काम. वांद्रे रेक्लमेशनला नेव्हिल डिसोझांच्या नावाचं मैदान आहे. १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा हा मुंबईचा माणूस, आणि त्या मैदानावर खेळणाऱ्या निम्म्या पोरांना मुंबई सिटीचा लेफ्ट बॅक कोण हे माहीत नाही. मालवणी, धारावी, माहीम, विक्रोळी, कुठल्याही रविवारी जा, पोरं अनवाणी खेळतायत. त्यांच्यातली किती अंधेरीला आली असतील? दर सामन्याला हजार जागा या मैदानांसाठी, महापालिकेच्या शाळांसाठी ठेवाव्यात, येण्याजाण्याच्या बसची सोय करून. आठवड्याच्या मधल्या सामन्यांना निम्मी तिकिटं तशीही उरतात. खेळाडूंनी महिन्यातून एकदा त्या मैदानांवर जावं, फोटोपुरतं नाही, दोन तास. विक्रोळीच्या पोराला राइट बॅक नावाने हाक मारता आली पाहिजे आणि राइट बॅकने मागे वळून बघितलं पाहिजे. याला पालिकेचा ठराव लागत नाही, कंत्राटदार लागत नाही, सिटी ग्रुप असो वा नसो, येत्या मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून करता येतं. अशी तीन-चार वर्षं गेली आणि मग गेटवरून माणसं परत जायला लागली, तर बाराऐवजी अठरा हजारांचा नकाशा घेऊन पालिकेच्या दारात उभं राहायला मी सगळ्यांत पुढे असेन.